तबकडी आणि घरचा सर्व्हर

घरी जोडलेला नेटवर्क साठवण सर्व्हर, ज्याला सगळे ‘नॅस’ म्हणतात, हा मुळात साधा संगणक असतो. जुन्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये दोन-चार हार्ड डिस्क बसवायच्या, त्यावर ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा अनरेड यांपैकी एखादी प्रणाली चढवायची आणि राउटरला केबल जोडायची, एवढ्यावर तो उभा राहतो. घरातला प्रत्येक मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही मग त्यातल्या फाइली उघडू शकतो. अशा सर्व्हरला सीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे ड्राइव्ह जोडण्याचे कारण घराच्या कपाटात असते. लग्नाच्या डीव्हीडी, स्टुडिओने दिलेल्या फोटोंच्या सीडी, नाट्यसंगीताच्या ऑडिओ सीडी, नाटकांच्या व्हीसीडी आणि जुन्या संगणकाचे बॅकअप असा ऐवज तिथे पडून असतो, आणि नव्या लॅपटॉपला तो वाचायला ड्राइव्हच नसतो.

या व्यवस्थेत ऑप्टिकल ड्राइव्हची कामे दोन. तबकड्यांवरची सामग्री एकदाच, नीट तपासून सर्व्हरवर आणणे हे पहिले. सर्व्हरवरच्या मोजक्या, पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींची न बदलणारी प्रत तबकडीवर काढून ठेवणे हे दुसरे. हार्ड डिस्कवरची प्रत जिवंत असते: ती शोधता येते, तपासता येते, दुरुस्त करता येते, पण चुकून पुसलीही जाते. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरची प्रत पुसता येत नाही. पण ती हळूहळू झिजते आणि झिजल्याचे कळवत नाही. एकीची उणीव दुसरी भरून काढते, म्हणून दोन्ही हव्यात.

तबकडीवर माहिती कशी राहते

फिलिप्स आणि सोनी यांची सीडी १९८२ साली जपानमध्ये बाजारात आली. १२० मिलिमीटर व्यासाच्या पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर सर्पिल मार्ग असतो आणि त्यावर सूक्ष्म खळगे असतात. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर ते वाचतो. मार्गाच्या दोन फेऱ्यांमधले अंतर १.६ मायक्रॉन असते आणि तबकडीवर ७०० एमबीच्या आसपास माहिती मावते. १९९६ साली आलेल्या डीव्हीडीत लेसर ६५० नॅनोमीटरचा झाला, मार्ग ०.७४ मायक्रॉनवर आला आणि क्षमता एका थरात ४.७ जीबी, दोन थरांत ८.५ जीबी झाली. २००६च्या ब्लू-रेने ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेसर वापरला. तिच्या एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५० जीबी मावते. तीन थरांची बीडी-एक्सएल तबकडी १०० जीबीपर्यंत जाते.

कारखान्यात छापलेली आणि घरी लिहिलेली तबकडी दिसायला सारखी असली, तरी त्यांची घडण निराळी असते. छापील तबकडीतले खळगे साच्यातून उठवलेले असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा थर असतो. सीडी-आर आणि डीव्हीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लिहिताना लेसर त्यावर ठिपके भाजतो. हे रंगद्रव्य उन्हाने, उष्णतेने आणि दमटपणाने उडत जाते. सायनिन हे जुने रंगद्रव्य त्यात कमकुवत, थॅलोसायनिन अधिक टिकाऊ. बहुतेक बीडी-आर, म्हणजे लिहिता येणाऱ्या ब्लू-रे, तबकड्यांत रंगद्रव्याऐवजी असेंद्रिय थर असतो, म्हणून जपणुकीसाठी त्या उजव्या ठरतात. एम-डिस्क या प्रकारात हेच तत्त्व पुढे नेलेले आहे. तिच्या उत्पादकांचा दावा १००० वर्षांचा आहे.

थरांची जागाही महत्त्वाची असते. सीडीत माहितीचा थर छापील नावाच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून वाचायच्या बाजूवरच्या ओरखड्यापेक्षा वरच्या बाजूचा ओरखडा अधिक घातक ठरतो. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. ब्लू-रेत तो वाचायच्या बाजूपासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो आणि त्याचे रक्षण वरचा कठीण लेप करतो.

तबकडी ठेवायची हवा थंड आणि कोरडी हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. मुंबईत आणि कोकण-गोव्यात पावसाळ्याचे महिने आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. तिथे उघड्या फळीवर ठेवलेली, घरी लिहिलेली सीडी दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होते. त्या पट्ट्यातल्या घरांनी तबकड्या सर्व्हरवर उतरवण्याचे काम आधी हाती घ्यावे.

ड्राइव्ह जोडण्याची जागा

कॅबिनेटमध्ये बसणारा साटा ड्राइव्ह सर्वांत भरवशाचा. मात्र तो मदरबोर्डावरच्या साटा पोर्टालाच जोडावा. अनेक हार्ड डिस्क जोडण्यासाठी वापरली जाणारी एसएएस कार्डे ऑप्टिकल ड्राइव्हची आज्ञावली सहसा स्वीकारत नाहीत. हार्ड डिस्क साध्या साटा आज्ञांवर चालते. ऑप्टिकल ड्राइव्ह त्याच केबलमधून स्कझी घराण्यातल्या आज्ञा घेतो. कार्डाला हे पेलले नाही, तर ड्राइव्ह दिसतच नाही. मदरबोर्डावर चार-सहाच पोर्ट असतील आणि ते हार्ड डिस्कने भरले असतील, तर यूएसबी ड्राइव्ह घ्यावा.

यूएसबी ड्राइव्हमध्ये अडचण विजेची असते. सपाट, लॅपटॉपच्या जातीचा ड्राइव्ह सगळी वीज यूएसबी पोर्टातूनच घेतो. ब्लू-रे लिहिताना त्याला अधिक वीज लागते आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावर ती अपुरी पडून लेखन मध्येच तुटते. स्वतंत्र ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब किंवा स्वतःचा वीजपुरवठा असलेला पूर्ण आकाराचा ड्राइव्ह हा त्यावर उपाय. जुना रुंद पट्टीच्या केबलचा आयडीई ड्राइव्हही यूएसबी रूपांतरकाने चालवता येतो.

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये एकाच ड्राइव्हची दोन रूपे दिसतात. ‘एसआर’ हे नेहमीच्या वाचनासाठी आणि ‘एसजी’ हे थेट आज्ञा देण्यासाठी. रिप करणारा, म्हणजे तबकडीवरची सामग्री उतरवून घेणारा, प्रोग्राम डॉकर कंटेनरमध्ये चालवायचा असेल, तर दोन्ही रूपे त्या कंटेनरच्या हवाली करावी लागतात. केवळ पहिले दिले, की मेकएमकेव्हीसारख्या प्रोग्रामला ड्राइव्ह सापडत नाही, आणि दोष ड्राइव्हचा समजून वेळ वाया जातो. व्हर्च्युअल मशीनमध्ये काम करायचे असेल, तर यूएसबी ड्राइव्ह सोयीचा. तो अख्खा त्या मशीनला देता येतो.

नेटवर्कचा वेग इथे आड येत नाही. ब्लू-रेचा मूळ वेग सेकंदाला ४.५ एमबी, म्हणजे १६ पट वेगाचा ड्राइव्हसुद्धा कमाल ७२ एमबी देतो. १६ पट डीव्हीडी २२ एमबीवर थांबते आणि ४८ पट सीडी ७.२ एमबीवर. हे वेगही तबकडीच्या बाहेरच्या कडेलाच गाठले जातात. साधे गिगाबिट नेटवर्क सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वाहून नेते.

ड्राइव्ह वाटायचा की प्रतिमा

सर्व्हरमधला ड्राइव्हच नेटवर्कवर वाटावा, म्हणजे लॅपटॉपला तो स्वतःचा वाटेल, ही कल्पना अनेकांना सुचते. अ‍ॅपलने २००८ साली ड्राइव्ह नसलेला मॅकबुक एअर आणला, तेव्हा ‘रिमोट डिस्क’ या नावाने हीच सोय दिली होती. फाइली असलेल्या सीडीसाठी ती चालत असे. ऑडिओ सीडी आणि चित्रपटांच्या डीव्हीडी मात्र तिच्यातून चालत नसत. कारण स्पष्ट आहे. फाइल वाटणारी व्यवस्था फाइलीच वाटते. ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच, आणि चित्रपटाच्या डीव्हीडीला ड्राइव्हशी थेट बोलावे लागते. आय-स्कझी या पद्धतीने ड्राइव्हच्या आज्ञाही नेटवर्कवरून पाठवता येतात. पण त्यात एका वेळी एकाच संगणकाला ड्राइव्ह मिळतो, आणि तबकडी बदलायला कुणीतरी सर्व्हरपर्यंत जावेच लागते.

त्यापेक्षा, ऑडिओ सीडी आणि व्हीसीडी सोडून, तबकडीची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, एकदाच काढावी आणि ती सर्व्हरवर ठेवावी. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्ही प्रणाली आयएसओ फाइल खऱ्या तबकडीसारखी उघडतात. एकच प्रतिमा चार जण एकाच वेळी वाचू शकतात आणि मूळ तबकडी पुन्हा फिरवावी लागत नाही.

आत आणणे : प्रत्येक प्रकाराची रीत वेगळी

डेटा सीडी आणि डेटा डीव्हीडी हा सर्वांत सोपा प्रकार. सीडीच्या प्रत्येक २३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये माहिती २०४८ बाइटचीच असते. उरलेल्या जागेत मुख्यतः चुका ओळखण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या खुणा असतात. त्यामुळे वाचन यशस्वी झाले की ते अचूक असल्याची खात्री धरता येते. प्रतिमा काढावी, तिची शा-२५६ बेरीज-खूण (चेकसम) नोंदवावी आणि मग फाइली नेहमीच्या फोल्डरमध्ये उतरवाव्या.

ऑडिओ सीडीत ही खात्री नसते. तिथे २३५२च्या २३५२ बाइट आवाजासाठी वापरलेले असतात. दुरुस्तीचा पहिला स्तर असतो आणि तो मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडाही भरून काढतो; पण दुसरा स्तर नसतो. चूक त्यापुढे गेली, की ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने आवाज भरतो आणि काही बोलत नाही. शिवाय प्रत्येक जातीचा ड्राइव्ह वाचनाची सुरुवात काही नमुने पुढेमागे करतो. म्हणून सीडीपॅरानोइया, व्हिपर आणि विंडोजवरचा एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे प्रोग्राम तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहतात. ॲक्युरेटरिप हा संग्रह त्याच सीडीच्या इतरांनी काढलेल्या प्रतींशी मेळ घालून देतो. हिंदी-इंग्रजी संगीताच्या लोकप्रिय सीडी तिथे सापडण्याची शक्यता अधिक. जुन्या मराठी भावगीतांची किंवा छोट्या कंपनीची सीडी तिथे नसेल, तर दोन वेगळ्या ड्राइव्हवर रिप करून दोन्ही निकाल ताडावेत.

आवाज फ्लॅक स्वरूपात ठेवावा. त्यात काहीही गमावले जात नाही आणि आकार मूळच्या साधारण अर्ध्या ते साठ टक्क्यांवर येतो. गाण्यांची नावे बहुतेक सीडींवर लिहिलेलीच नसतात; ती म्युझिकब्रेन्झसारख्या सामूहिक संग्रहातून येतात. मराठी सीडींची नावे तिथे न मिळाल्यास वेष्टनावरून गायक, संगीतकार, गीतकार, नाटक आणि राग हे तपशील हाताने भरावेत. ही मेहनत टाळली, की सर्व्हरवर ‘ट्रॅक ०१’ नावाच्या शेकडो फाइली जमतात आणि त्यांतले हवे ते गाणे कुणालाच सापडत नाही.

व्हीसीडी हा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा प्रकार. १९९३ साली ठरलेले हे स्वरूप अमेरिकेत फारसे चालले नाही; आशियात मात्र स्वस्त प्लेअरमुळे घरोघर पोहोचले. मराठी चित्रपट, नाटके आणि घरगुती समारंभांची चित्रणे व्हीसीडीवर मोठ्या संख्येने निघाली. त्यातले चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे असते आणि एका तबकडीवर ७४ मिनिटांच्या आसपास चित्रण मावते. म्हणून चित्रपट दोन-तीन तबकड्यांत येई. व्हीसीडीच्या चित्रणाच्या सेक्टरमध्ये २३२४ बाइट माहिती असते. साधी आयएसओ प्रतिमा प्रत्येक सेक्टरमधून २०४८ बाइटच उचलते, त्यामुळे ती मोडकी निघते. फोल्डरमधली ‘डॅट’ फाइल सरळ कॉपी करतानाही लिनक्सवर वाचनदोष येतो. सीडीआरडीएओ या प्रोग्रामने अख्ख्या सेक्टरांची प्रत घ्यावी, किंवा व्हीसीडीइमेजरच्या संचातल्या साधनाने चित्रण वेगळे काढावे. मिळालेले एमपेग-१ चित्रण तसेच ठेवावे. ते पुन्हा दाबले तर जागा किरकोळ वाचते आणि आधीच कमी असलेला दर्जा आणखी घसरतो.

चित्रपटांच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे यांत मेकएमकेव्ही हा प्रोग्राम चित्र, आवाज आणि उपशीर्षके जशीच्या तशी एका एमकेव्ही फाइलमध्ये ठेवतो. हँडब्रेकने ती नंतर लहान करता येते. हार्ड डिस्कमध्ये जागा असेल तर लहान करू नये: दुपदरी १०० डीव्हीडी पूर्ण भरलेल्या धरल्या, तरी ८५० जीबीच होतात. लग्नाच्या डीव्हीडीचे चित्रण बहुधा ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, एकाआड एक ओळींनी रचलेले असते. ते बदलताना ओळींची गुंफण काढण्याची क्रिया चुकली, तर हालचालीच्या जागी कंगव्यासारख्या रेघा उमटतात. मूळ प्रत जपून ठेवली की असे प्रयोग निर्धास्त करता येतात. तयार फाइली जेलीफिन किंवा प्लेक्स या प्रोग्राममधून टीव्हीवर लागतात. तबकड्या शेकड्यांनी असतील, तर ऑटोमॅटिक रिपिंग मशीन हा मुक्त प्रोग्राम तबकडी आत सरकताच तिचा प्रकार ओळखून काम सुरू करतो आणि संपल्यावर ती बाहेर ढकलतो.

कायद्याची चौकट इथेच येते. भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधले कलम ५२ खासगी वापरासाठीच्या रास्त व्यवहाराला मुभा देते. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-ए हे हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करते. विकत घेतलेल्या तबकडीची घरापुरती प्रत आणि ती प्रत इतरांना वाटणे या दोन गोष्टींत म्हणूनच ठळक रेघ आहे. सर्व्हरचा चित्रपट-संग्रह घराबाहेर उघडू नये, आणि मूळ तबकड्या विकून प्रती ठेवू नयेत.

न वाचणाऱ्या तबकड्या

तबकडी अडखळू लागली की आधी ती स्वच्छ करावी. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. गोलाकार पुसल्यास ओरखडा मार्गाच्या दिशेने उमटतो आणि सलग माहिती खातो. नंतर जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरावा. तो आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतो, अडलेल्या जागा एका नकाशा-फाइलमध्ये टिपतो आणि मग त्यांच्याकडे परततो. नकाशा-फाइल तीच ठेवून तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर राहिलेले सेक्टर तेवढेच वाचले जातात. वेगवेगळ्या ड्राइव्हचे लेसर वेगवेगळ्या तबकड्यांवर चालतात, म्हणून दोन-तीन जुने ड्राइव्ह जमवून ठेवणे फार उपयोगी पडते. वेग कमी केल्यानेही काही तबकड्या वाचतात.

वाचून आलेली फाइल उघडेलच असे मराठीत नेहमी घडत नाही. युनिकोड रुळण्याआधीचा मजकूर श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टांत टाइप केलेला असतो. फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. मुद्रकांच्या आणि डीटीपी करणाऱ्यांच्या सीडींवर अशा पेजमेकर फाइली भरपूर आहेत, आणि त्यांत अनेक पुस्तकांचा व अंकांचा मूळ मजकूर आहे. त्यांची मूळ प्रत, तिचा फॉन्ट आणि युनिकोडमध्ये बदललेली प्रत अशा तिन्ही गोष्टी एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

बाहेर काढणे : न पुसली जाणारी प्रत

सर्व्हरमध्ये झेडएफएस ही फाइलव्यवस्था असेल, तर ती प्रत्येक तुकड्याची बेरीज-खूण ठेवते आणि ठरावीक काळाने सगळे वाचून चूक शोधते. दुसऱ्या डिस्कवर चांगली प्रत असेल तर दुरुस्तही करते. तरीही रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली साठवण, हा बॅकअप नसतो. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदम जाते, आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल सगळीकडे कुलूपबंद होते. बीडी-आरवर लिहिलेल्या प्रतीला या दोन्ही संकटांची बाधा होत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या नावाने ओळखला जाणारा तीन-दोन-एकचा नियम सांगतो, की प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्या आणि एक घराबाहेर असावी. तबकडी दुसरे माध्यम होते, आणि ती नातेवाइकांच्या घरी ठेवली की तिसरी अटही पुरी होते.

सगळा सर्व्हर तबकड्यांवर उतरवण्याच्या फंदात पडू नये. ४ टीबीला २५ जीबीच्या १६० तबकड्या लागतात. फेसबुकने २०१४ साली १०,००० ब्लू-रे तबकड्यांचे, १ पेटाबाइट क्षमतेचे यांत्रिक कपाट दाखवले होते. घरात तबकड्या बदलायला तसा यांत्रिक हात नसतो. फोटो, कौटुंबिक चित्रणे, कागदपत्रांचे स्कॅन आणि स्वतःचे लेखन एवढेच निवडावे.

२५ जीबीच्या तबकडीवर प्रत्यक्षात २५,०२,५३,१४,८१६ बाइट मावतात, म्हणजे संगणकाच्या हिशेबाने सुमारे २३.३ जीबी. त्यातही थोडी जागा सोडावी आणि डीव्हीडिझास्टर या प्रोग्रामने तयार केलेली दुरुस्तीची माहिती त्या जागेत भरावी. काही सेक्टर गेले तरी त्यातून ते परत मिळतात. फाइलव्यवस्था यूडीएफ निवडावी. सीडीच्या जमान्यातल्या जोलिएट पद्धतीत नावाला ६४ चिन्हांची मर्यादा होती, आणि देवनागरीत मात्रा, वेलांटी व हलन्त प्रत्येकी एक चिन्ह मोजले जात असल्याने लांब मराठी नावे मध्येच तुटत. यूडीएफमध्ये ही तंगी नाही.

चारपट वेगाने अख्खी तबकडी लिहायला साधारण २३ मिनिटे लागतात. लिहिता लिहिता तपासण्याची सोय चालू असेल तर वेळ दुपटीजवळ जातो. लिहून झाल्यावर तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून सगळ्या बेरीज-खुणा ताडाव्या. नाव पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने मध्यभागाच्या पारदर्शक कड्यावर लिहावे; चिकटपट्टी लावू नये. तबकडी डबीत उभी ठेवावी, तिची यादी सर्व्हरवर ठेवावी आणि वर्षातून एकदा काही तबकड्या वाचून पाहाव्या. वाचनदोष वाढू लागले, की सर्व्हरवरच्या प्रतीवरून नवी तबकडी काढावी.

कामाचा क्रम

हे काम पुढे ढकलण्याजोगे राहिलेले नाही. सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. रंगद्रव्य दरवर्षी उडत जाते, तसे चांगले ड्राइव्ह आणि चांगल्या कोऱ्या तबकड्याही दरवर्षी दुर्मीळ होत जातात.

म्हणून तबकड्या हाती घेण्याचा क्रम त्यांच्या किमतीवर ठरवू नये. त्या पुन्हा मिळण्याची शक्यता किती, हे पाहावे. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या सीडी-आर आणि डीव्हीडी-आर सर्वांत आधी, कारण त्या सर्वांत नाजूक असतात आणि त्यांची दुसरी प्रत जगात नसते. त्यानंतर छोट्या कंपन्यांच्या व्हीसीडी आणि ऑडिओ सीडी, ज्यांचे पुनर्मुद्रण होण्याची शक्यता थोडी. मोठ्या कंपन्यांचे संगीत तिसरे. सहज उपलब्ध असलेले चित्रपट सर्वांत शेवटी. एवढे उतरवून झाल्यावर निवडक संग्रहाची बीडी-आर काढावी, ती दुसऱ्या घरी पोहोचवावी, आणि यादीत तिच्यापुढे पुढच्या तपासणीची तारीख लिहावी.